एकसष्टावा दिवस

परवा माळा आवरताना बाबांची २०१४ सालची डायरी सापडली. कुठल्याशा बँकेने फुकट दिलेली, रेक्झिनच्या कव्हरची. आत रोजनिशी वगैरे काही नाही. पट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, आयएनआर, गोळी. तिसऱ्या रकान्यात 'एक', 'अर्धी', 'एक-अर्धी आलटून पालटून' असं बाबांच्या नेटक्या अक्षरात. दुसऱ्यात आकडे: १.४, १.७, ३.८, १.३... मध्येच दोन महिने कोरे. मग परत १.६.

हा आकडा २ ते ३ च्या मध्ये हवा असतो. अख्ख्या वर्षात तो तिथे तीनदा बसलाय.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे डेटा दिसला की हात शिवशिवतात. या तीन रकान्यांमागे काय काय आहे ते खणत बसलो आणि दोन वीकेंड गेले. पोस्ट लांबलीय. चहा घेऊन बसा.

आधी आजाराबद्दल थोडं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. बाबांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि ठोके अनियमित पडतात. बऱ्याच जणांना त्रास फारसा जाणवतच नाही, आणि तोच घोळ आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, साचलं की गुठळी होते, सुटली की बऱ्याचदा मेंदूकडे जाते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट. त्यावर उपाय म्हणजे रक्त गोठण्याची चाल मंद करणारी गोळी. आपण तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. रक्त पातळबितळ काही होत नाही, पण शब्द रूढ आहे, मीही तोच वापरतो. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. आपण या दोन्हींच्या मधे आहोत का, हे सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर.

या गोळीचा जन्म गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावाने मरायला लागली. कारण निघालं स्वीट क्लोव्हर नावाचा बुरशी आलेला चारा. १९३३ च्या फेब्रुवारीत, भर बर्फाच्या वादळात, एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनभर न गोठलेलं रक्त गाडीत टाकून जवळपास दोनशे मैल विद्यापीठात आला आणि कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. चाऱ्यातला नेमका पदार्थ वेगळा काढायला लिंक यांच्या माणसांना १९३९ साल उजाडलं. त्याचाच पुढचा भाऊ वॉरफेरिन. तो १९४८ मध्ये बाजारात आला तो उंदीर मारायचं औषध म्हणून! माणसांसाठी मान्यता १९५४ ला, आणि १९५५ मध्ये हार्ट अ‍ॅटॅकनंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच दिलं गेलं. आपल्याकडे वॉरफेरिनपेक्षा त्याचं चुलत भावंड असेनोकुमेरॉल, म्हणजे अ‍ॅसिट्रॉम, जास्त चालतं. बाबांच्या तिसऱ्या रकान्यातली गोळी ती.

औषध रामबाण आहे. योग्य मात्रेत ही गोळी पक्षाघाताचा धोका जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी करते. पण नखरे फार. ती व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करते, त्यामुळे पालक, मेथी, अळू जास्त खाल्लं की आकडा खाली, एखादं अँटिबायोटिक घेतलं की आकडा वर. पालेभाजी बंद करायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. पण आईने हाय खाऊन आमच्याकडचं अळूचं फदफदं कायमचं बंद केलं. आणि दर काही दिवसांनी रक्त तपासायला लॅबमध्ये जायचं, ते आयुष्यभर.

म्हणून २००९ मध्ये डॅबिगॅट्रनच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ हरखून गेले असणार. आयएनआरची भानगड नाही, पथ्य नाही, मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही कमी. पाठोपाठ रिव्हरॉक्सॅबॅन आणि अपिक्सॅबॅन आली. २०१२ संपेपर्यंत तिन्हींना अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली होती. सोय फक्त एकाच गोष्टीची नव्हती. किंमत.

आता २०१४. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला आणि बाबांचे ठोके चुकताना सापडले. नेरूळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. सभ्य, वेळ देणारा माणूस. त्यांनी सगळं समजावलं, पेन उचललं आणि विचारलं, "काका, रिटायर कुठून झालात?"

"खासगी कंपनी. तुर्भे एमआयडीसी."

पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी अ‍ॅसिट्रॉम लिहिलं. "जुनं औषध आहे, चांगलं आहे. फक्त रक्त तपासत राहा."

मला तेव्हा हा प्रश्न गप्पांचा भाग वाटला होता. उलगडा झाला तो पुढच्याच महिन्यात, आमच्याच बिल्डिंगमध्ये. दुसऱ्या मजल्यावरचे काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. तोच आजार, तेच डॉक्टर, वयात दोन वर्षांचा फरक. त्यांना डॅबिगॅट्रनच्या कॅप्सूल. त्यांच्याकडे सीजीएचएसचं कार्ड, म्हणजे १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना. तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं दोन्ही येतात, पेन्शनरांनाही. आमच्या बाबांची ईपीएफची पेन्शन एवढी, की ती सगळी ओतली तरी नव्या औषधाचा महिना निघाला नसता. दोन मजल्यांचं अंतर आणि दोन वेगळ्या चिठ्ठ्या. डॉक्टरांना दोष द्यायला मी तयार नाही. पेशंटला न परवडणारी गोळी लिहिली तर तो महिनाभर घेऊन गुपचूप बंद करतो, हे त्यांना पाठ असणार.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). त्याच वर्षी मी ऐरोलीतल्या हापिसात एका अमेरिकन क्लायंटसाठी क्लेम तपासणारं सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यातला एक नियम मला अजून आठवतो: पेशंटने आधी वॉरफेरिन घेतल्याची नोंद नसेल तर नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा क्लेम नामंजूर करा आणि अमुक कारण-कोड पाठवा. याला तिकडे 'स्टेप थेरपी' म्हणतात. आधी स्वस्त पायरी, तिथे अडखळलात तर पुढची. मी नियम लिहिला, बावीस टेस्ट केस चालवल्या, सगळ्या हिरव्या. संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी आलो आणि बाबांना विचारलं, आज आकडा किती? या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

अमेरिकेचीही कथा काही सरळ नाही. म्हाताऱ्यांसाठीचं मेडिकेअर १९६५ साली आलं, तेव्हा त्यात हॉस्पिटल होतं, डॉक्टर होते, घरी घ्यायच्या गोळ्या नव्हत्या. त्या आल्या २००६ मध्ये. चाळीस वर्षं लागली! आणि आल्या त्या मधे मोठं भगदाड ठेवून: ठराविक खर्चानंतर विमा हात आखडता घ्यायचा आणि महागड्या गोळ्या घेणारे वर्षाच्या मध्यावरच त्यात पडायचे. २०२२ च्या जानेवारीत सीव्हीएस केअरमार्क या औषध-लाभ बघणाऱ्या बड्या कंपनीने आपल्या अनेक योजनांच्या यादीतून अपिक्सॅबॅनचा ब्रँड एलिक्विस काढून टाकला. नीट चाललेल्या पेशंटना रिव्हरॉक्सॅबॅनवर जायला सांगितलं गेलं. डॉक्टरांच्या संघटनांनी आरडाओरडा केला आणि जुलैत औषध यादीत परत आलं. सहा महिन्यांत दोनदा चिठ्ठ्या बदलल्या, हृदय होतं तसंच.

पण तिथे निदान नकार लिहिलेला असतो. त्याला ओळ असते, कोड असतो, अपील असतं. आपल्याकडचा नकार मी शोधायला गेलो तर सापडेचना, कारण तो कुठे लिहिलेलाच नाही. तो पॉलिसीच्या घडणीतच आहे. आणि ती घडण समजून घ्यायला मागे जावं लागतं.

१९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याचा आराखडा करायचं काम सोपवलं गेलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. अडारकरांचा अहवाल १९४४ चा, त्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत सुरुवात. हीच आपली ईएसआय. या योजनेत आजारपण म्हणजे फक्त अ‍ॅडमिट होणं नव्हतं. दवाखाना, पॅनेलवरचा डॉक्टर, रोजची औषधं, रजेचा पगार, सगळं धरलेलं. बाबांकडे ईएसआयचं कार्ड होतं. कोपरखैरण्याचे पॅनेल डॉक्टर, वाशीचं ईएसआयएस हॉस्पिटल, तिथल्या रांगा हे माझ्या लहानपणीचं जग. रांगांना आम्ही नावं ठेवायचो. मीही.

पण या योजनेला पगाराची कमाल मर्यादा असते. १९९७ पासून ती ६,५०० रुपये होती. २००१ मध्ये युनियनचा करार झाला, बाबांचा पगार त्या रेषेच्या वर गेला, आम्ही पेढे वाटले. त्याच पगारवाढीने बाबा ईएसआयच्या बाहेर पडले. मर्यादा नंतर वाढत वाढत २०१७ मध्ये २१,००० झाली, तोवर बाबा रिटायर होऊन सात वर्षं झाली होती. ईएसआयमध्ये असताना निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोची औषधं सुरू ठेवता येतात. वर्षाला, दिवसाला नव्हे! बाबा त्यात बसत नाहीत, कारण ते निवृत्तीआधीच बाहेर होते. २०२४ मध्ये अशा लोकांसाठी नियम थोडा सैल केला गेला, पण तो अलीकडे निवृत्त झालेल्यांना.

बाहेर पडलेल्या मध्यमवर्गासाठी काय होतं? मेडिक्लेम. १९८६ मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार सरकारी कंपन्यांनी तो आणला. या कंपन्यांचा धंदा आग, जहाज, मोटार यांचा. माझा तर्क असा, की त्यांनी आजारपणाकडेही अपघातासारखंच पाहिलं: एक घटना, तिची तारीख, तिचं बिल. म्हणून किमान २४ तास अ‍ॅडमिट होण्याची अट. त्याआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस यांचा संबंधित खर्च धरायचा, एवढीच काय ती सवलत. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. रोजच्या गोळ्यांचे खरे-खोटे क्लेम तपासणं १९८६ च्या कागदी कारभारात अशक्यच होतं. पण घडी तशीच राहिली. २०२० मध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना सक्तीची केलेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी उघडून बघा: ३० आणि ६०. बाह्यरुग्ण खर्च देणाऱ्या पॉलिसी आता निघाल्यात, पण बहुतेकांच्या हातात आहे ती जुनीच घडी. आणि एट्रियल फिब्रिलेशन ही घटना नव्हे. त्याला तारीख नाही. ते रोज असतं.

घटना झाली ती २०१७ च्या जुलैत. सकाळी बाबांच्या हातातून कप सुटला. आईला वाटलं ओला असेल. मग ते बोलायला गेले आणि शब्द जिभेवरच घसरले. हॉस्पिटलात आयएनआर आला १.३. मागची तपासणी कधीची? पावसामुळे राहिली होती, दोन महिन्यांपूर्वीची.

पाच दिवस अ‍ॅडमिट. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबा होते, कॅशलेस मंजूर झालं. पावणेदोन लाखांच्या आसपास बिल, आमच्या खिशातून गेले ते साडेतीन हजार. डिस्चार्ज कार्डावर नवीन गोळी होती, रिव्हरॉक्सॅबॅन. मी चकित. विम्याच्या काउंटरवरच्या मुलाने उलगडा केला, "सर, साठ दिवसांपर्यंतची औषधं क्लेममध्ये बसतील. बिलं जपून ठेवा."

साठ दिवस बाबांनी ती गोळी घेतली. ना लॅब, ना आकडा. आईने एकदा अळूसुद्धा केलं.

एकसष्टाव्या दिवशी आम्ही ओपीडीत होतो. डॉक्टरांनी विचारलं, पुढे काय करायचं? मी म्हटलं हीच चालू ठेवू. बाबा म्हणाले, "आधीचीच द्या." खालच्या केमिस्टला त्यांनी आधीच भाव विचारून ठेवला होता. मी वाद घातला. ते म्हणाले, तुझे घराचे हप्ते आहेत. खरं सांगायचं तर मी तेव्हा ते पैसे भरू शकलो असतो. थोडी ओढाताण झाली असती, इतकंच. पण बाबांनी दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर मी फार ताणून धरलं नाही. हे लिहिणं सोपं जात नाहीये. तर मग काही दिवस दोन्ही गोळ्या एकत्र, आयएनआर चढेपर्यंत, आणि नंतर फक्त अ‍ॅसिट्रॉम. डायरी पुन्हा सुरू. त्या डायरीतलं अक्षर मात्र नेटकं नाही, रेषा सोडून जातं.

सेहेचाळीस देशांतल्या पंधरा हजारांवर पेशंटची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. आयएनआर २ ते ३ मध्ये राहण्याचा काळ पश्चिम युरोपात ६२ टक्क्यांच्या वर. भारत, चीन, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेत ३२ ते ४० टक्के. बाबांचे आकडे त्यातलेच. त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करणारा: या आजाराच्या भारतीय पेशंटपैकी ३१.५ टक्क्यांना संधिवाती तापाने झडपा खराब झालेल्या, उत्तर अमेरिकेत जेमतेम २.२ टक्के. हा ताप दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांतला, लहानपणी गाठणारा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्यांतल्या. राहायला तळोज्याला. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत आली, त्यात रायगड होता, ठाणे नव्हता. नवी मुंबई या दोन जिल्ह्यांत चिरलेली आहे: खारघर, कामोठे, तळोजा रायगडात, वाशी, नेरूळ, घणसोली ठाण्यात. मावशींची झडप २०१३ च्या उन्हाळ्यात फुकट बदलली गेली. घणसोलीला राहत असत्या तर नोव्हेंबरपर्यंत, योजना राज्यभर होईपर्यंत, थांबावं लागलं असतं. योजनेत ९७१ उपचार होते, वर पाठपुराव्याची १२१ पॅकेजेससुद्धा. म्हणजे करणाऱ्यांनी विचार केला होता. पण धातूची झडप बसली की रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआर मरेपर्यंत, आणि पॅकेजला मुदत असते. त्यांच्यासाठी नवी गोळी हा पर्यायच नाही: धातूच्या झडपेला ती चालत नाही. झडप न बदललेल्या संधिवाती पेशंटमध्येसुद्धा जुनंच औषध सरस ठरलं, हे २०२२ मध्ये 'इन्व्हिक्टस' चाचणीने दाखवलं. म्हणजे इथे गोळी स्वस्तच आहे, विम्याने उचलायला हवी ती तपासणी. मावशी एका खाड्याच्या पगारात एक आयएनआर असा हिशेब करायच्या आणि मग महिना सोडून जायच्या.

बाबांचा प्रश्न शेवटी विम्याने सोडवला नाही, पेटंटच्या तारखेने सोडवला. रिव्हरॉक्सॅबॅनचं भारतातलं पेटंट २०२० च्या डिसेंबरात संपलं, अपिक्सॅबॅनचं २०२२ च्या सप्टेंबरात. देशी कंपन्या तयारच होत्या, भाव धाडकन खाली आले. डॅबिगॅट्रन त्याच महिन्यात राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. अमेरिकेत मात्र अपिक्सॅबॅनची जेनेरिक २०२८ च्या एप्रिलपर्यंत येणार नाही. बंगळुरूच्या मायक्रो लॅब्जला तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता २०१९ लाच मिळालीय, विकता येत नाही! तिथल्या सरकारने घासाघीस करून मेडिकेअरसाठी एलिक्विसचा महिन्याचा भाव ५२१ डॉलरवरून २३१ वर आणला, तो २०२६ च्या जानेवारीपासून लागू झाला. मी लिहिलेला तो नियम अजून चालू आहे का, कल्पना नाही. मी तो प्रोजेक्ट कधीच सोडला.

बाबा २०२२ च्या दिवाळीपासून अपिक्सॅबॅन घेतात. दिवसाला दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं चालत सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जातो. तो विचारतो, "बिल देऊ का?" मी नको म्हणायच्या आत बाबा हो म्हणतात. घरी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ती सगळी बिलं तारखेवार लावलेली आहेत. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असू दे. पुढेमागे घेतील."